सिरॅमिक क्लच, गणेशखिंड रोड आणि दुसऱ्यांदा उतरवलेला गिअरबॉक्स

गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस. १.८ टर्बो, वीस व्हॉल्व्ह, १५० पीएस, २१० एनएम. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना तिचं कौतुक नव्याने सांगायला नको. रीमॅप केल्यावर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलल्यावर, टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) वाढला आणि जुनी क्लच प्लेट कात्रजच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये स्लिप व्हायला लागली. आरपीएमचा काटा वर चढतो, वेग तिथेच. म्हणून परफॉर्मन्स किट बसवलं: हलकं फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारी जड चकती), सहा सिरॅमिक बटणांची डिस्क, म्हणजेच क्लच प्लेट, आणि ही डिस्क फ्लायव्हीलवर दाबून धरणारी जास्त दाबाची प्रेशर प्लेट.

सुरुवातीला मी भेटेल त्याला हे किट घ्यायला सांगत होतो. एक्स्प्रेसवेवर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की टर्बोची सगळी ताकद चाकापर्यंत पोचते, मध्ये काही सांडत नाही. पेडल जड आहे, पण लोक त्याचा जेवढा बाऊ करतात तेवढं काही नाही. पंधरवड्यात पायाला सवय होते.

खरा त्रास संध्याकाळच्या गणेशखिंड रोडवर. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला आणि ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही, तरी अशी गाडी ताशी सहा-सात किलोमीटरने सरकते. पुढची रांग त्याहूनही हळू. मधला फरक क्लच घासूनच भरून काढावा लागतो, दुसरा मार्गच नाही. साध्या ऑरगॅनिक डिस्कमध्ये दोन लायनिंगच्या (घासणाऱ्या थरांच्या) मध्ये लाटेसारखी वाकवलेली पातळ पोलादी पाती असतात. पेडल सोडताना आधी ती दबत जातात, मग हळूहळू पकड येते. माझ्या सिरॅमिक डिस्कमध्ये ही पाती नव्हतीच, शिवाय बटणांचं घर्षण जास्त. त्यामुळे पेडलच्या बोटभर अंतरात सगळा खेळ. जरा वर सोडलं की झटका, जपून सोडायला जावं तर जडर, म्हणजे क्लचचा थरथराट. अख्खी गाडी थरथरते, डॅशबोर्ड वाजतो, आरशात मागची गाडी नीट दिसत नाही. सोसायटीच्या रॅम्पवर रिव्हर्स घेताना तर मागे कुणी उभं असेल तर काळजीच वाटायची.

ज्यांनी किट बसवलं त्यांच्याकडे गेलो. उत्तर काय, तर ‘साहेब, तुम्ही हाफ क्लच (पेडल अर्धवट दाबून) चालवता, वॉरंटीत बसत नाही.’ विकताना याच माणसाने रोजच्या वापराला चालेल असं सांगितलं होतं! वर सल्ला, की पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा आणि क्लच पूर्ण सोडून चालवा. पुण्यात त्या अंतरात दोन स्कूटर आणि एक रिक्षा शिरते. शहराच्या रहदारीत जी गोष्ट टळत नाही, तिचं खापर गिऱ्हाइकावर फोडायचं, याची मला अजूनही चीड येते. पावती घेऊन वाद घातला, पण एक रुपया सुटला नाही.

शेवटी माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे गिअरबॉक्स उतरवला. बटणं जाड होती, अजून बरीच चालली असती. फ्लायव्हीलवर मात्र निळे-जांभळे डाग पडले होते, जास्त तापल्याची खूण. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लेथवर सपाट करून घेतला, प्रेशर प्लेट तीच ठेवली आणि डिस्क बदलली: पूर्ण लायनिंगची ऑरगॅनिक, मध्ये स्प्रिंग असलेली. दुसऱ्यांदा दिलेली मजुरी मनाला लागली.

ही पुन्हा स्लिप होणार अशी मला धास्ती होती. तोच कात्रजचा चढ, चौथा गिअर, पूर्ण ॲक्सिलरेटर: काटा आणि वेग बरोबरीने चढले. क्लचची पकड ठरते ती दाब, घर्षण आणि डिस्कची त्रिज्या या तिन्हींवर. घर्षण थोडं कमी झालं तरी प्रेशर प्लेटचा वाढीव दाब माझ्या टॉर्कला पुरून उरतो. ज्या पकडीचं मी इतकं कौतुक करत होतो, तिचं मोठं श्रेय प्रेशर प्लेटचं होतं. सिरॅमिकची खरी जागा कोइमतूरच्या ट्रॅकवर. तिथे उष्णता भयंकर असते आणि क्लच पुन्हापुन्हा अर्धवट दाबून ठेवावा लागत नाही. गणेशखिंड रोडवर ऑरगॅनिकच हवी. फार घासली तर जळका वास येतो, तेव्हा बाजूला थांबून तिला थंड होऊ द्यायचं.

किट घेणाऱ्यांनी टॉर्कचा आकडा विचारण्याआधी डिस्कमध्ये ती वाकवलेली, कुशनची पाती आहेत का आणि मधला हब स्प्रिंगचा आहे का, हे विचारावं. दोन्ही ‘नाही’ असतील आणि गाडीने रोज ऑफिसला जायचं असेल, तर पैसे देऊ नयेत.

हलक्या फ्लायव्हीलचा आवाज मात्र अजून आहे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की गिअरबॉक्स खडखडतो, पेडल दाबलं की थांबतो. हे ऐकून नवखा मेकॅनिक बेअरिंग गेलं म्हणेल. आवाज फ्लायव्हील बसवल्याच्या दिवसापासून असेल आणि वाढत नसेल, तर त्याला गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.