वाड्यातलं कपाट फ्लॅटमध्ये

नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत जुन्या लाकडी सामानाचं दुकान आहे. पाडलेल्या वाड्यांचे खांब, दारं, कपाटं तिथे येऊन पडतात. मी ४,५०० रुपयांत एक कपाट उचललं. वर हिरव्या ऑइलपेंटचे थर, म्हणून स्वस्त. घरी ८० नंबरच्या पॉलिशपेपरने कोपरा घासला (मास्क लावूनच, जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतं) आणि खालून तांबूस रेषांचा साग निघाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आमच्या माहेरी अस्संच होतं!" मग तीन रविवार त्यातच गेले. १८०, ३२० नंबर, शेवटी जवसाच्या तेलाचा हात. आतून मात्र हिरवंच ठेवलंय, उघडलं की मजा वाटते. कपाटामागची भिंत हळदी रंगाची केली. दोन हात पुरले नाहीत, तिसरा द्यावा लागला.

तक्रार एकच. "कीड नाही, ताई" असं दुकानदार म्हणाले होते. आठवड्यात खालच्या फळीतून पिठासारखा भुसा गळायला लागला. फळी बदलून दिली, पण टेम्पोचे ४०० माझेच गेले. घ्यायच्या आधी प्रत्येक फळी ठोकून बघा. भाव करा, चालतो. कुलपाची किल्ली मागू नका, ती कुणाकडेच नसते.