दहा महिने वापरलेला लाकडी ओटा: घरच्या वर्कबेंचचा अनुभव

गेल्या गुढीपाडव्याला लातूरच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा बेंच उभा केला. आता संक्रांत होऊन गेली. या दहा महिन्यांत त्यावर दोन चौरंग, बाथरूमचं दार, मेव्हण्याच्या कुळवाचं रुमणं आणि चुलीपुरतं भरपूर जळण तयार झालं. मी बँकेत नोकरी करतो, सुतारकाम रविवारचं. त्यामुळं खाली जे आहे ते बहुतेक माझ्या चुकांचंच आहे. आई बेंचला ‘लाकडाचा ओटा’ म्हणते, आणि घरात आता तेच नाव पडलंय.

लाकूड फुकटचं. औसा तालुक्यात आजोबांचं माळवदाचं, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते पडलं नाही, पण दगडमातीच्या भिंती फुगल्या. मग त्या छताखाली झोपायला कुणी तयार होईना. आजोबांनी माळवद उतरवलं, पांढरी माती शेतात टाकली आणि सागवानी तुळया गोठ्यात रचून ठेवल्या. तीस वर्षं त्यांच्यावर कोंबड्या बसल्या. इतकं मुरलेलं सागवान पैसे मोजूनही सहजी मिळत नाही.

अडचण खिळ्यांची. आरामशीनवाल्यानं तुळया पाहूनच हात जोडले. पातं तुटलं तर कोण भरून देणार? शेवटी लोहचुंबक फिरवून एकेक खिळा शोधला आणि उपसला. अठ्ठावीस निघाले. ते सगळे त्याच्यापुढं ओतले तेव्हा कुठं त्यानं चिरून दिलं. एकोणतिसावा पुढं माझ्या रंध्याच्या पात्यानं शोधला.

तीन इंच जाडीचे चार तुकडे एकमेकांना चिकटवून सहा फूट लांब, एकवीस इंच रुंद माथा केला. नुसता माथाच पन्नास किलोच्या घरात आहे, सगळं मिळून नव्वदच्या आसपास. बेंचचा सगळ्यात मोठा गुण हाच. आधी मी लोखंडी अँगलच्या टेबलावर काम करायचो. रंधा रेटला की फळी सोलायच्या आधी टेबलच भिंतीकडं निघायचं. आता अंगातला सगळा जोर लावला तरी बेंच जागचा हलत नाही. पैसे थोडेच असतील तर ते आधी वजनात घाला. ड्रॉवर, चाकं, हत्यारांची कपाटं नंतर बघू. मी ड्रॉवरसाठी जागा सोडली होती, ती अजून तशीच आहे आणि काही अडलेलं नाही.

माथा चिकटवताना हवेनं दगा दिला. मार्चमधल्या दुपारी पत्र्याखाली फेविकॉल लावायला घेतला, तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकावर साय धरली. तो सांधा पुन्हा सोडवावा लागला. दुसऱ्या खेपेला पहाटे पाचला उठून लावला. लांब शिकंजे नव्हते, म्हणून दोन्हीकडून दांडे लावून दोरानं आवळले आणि मधे पाचरी ठोकल्या. माणसांत कुणी पाचर मारली की काम बिघडतं, पण सांध्याला तिच्याशिवाय भागत नाही.

आता सगळ्यात महागडी चूक. माथा खालच्या आडव्या पट्ट्यांना मी स्क्रूनं घट्ट आवळून टाकला होता. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला, आणि एका रात्री शेडमधून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. सकाळी पाहतो तर सांधा शाबूत, त्याच्या शेजारी लाकूडच हातभर तडकलेलं. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र हवेतल्या ओलाव्याप्रमाणं आकसतं आणि फुगतं. त्याला सरकायला वाव ठेवला नाही की ते स्वतःच वाट काढतं. मग पट्ट्यांमधली स्क्रूची भोकं कानशीनं लांबट केली, मधला स्क्रू तेवढा घट्ट ठेवला, कडेचे जरा सैल. मेअखेरीस आणि ऑगस्टमध्ये रुंदी मोजली तेव्हा तीनेक मिलिमीटरचा फरक दिसला. तीस वर्षं वाळलेलं सागवान, तरीही. चीर भरलेली नाही, ती आता वाढतही नाही.

पाय बाभळीचे, चार बाय चार इंची. बाभूळ आपल्याकडं औतांना, गाड्यांना वापरतात ती उगाच नाही; कडक आणि वजनदार. पण जुने लोक तोडलेली बाभूळ काही महिने पाण्यात टाकून ठेवत, नाहीतर भुंगा लागतो. हे मला माहीत होतं आणि तरीही घाई केली. श्रावणात पायांशी पिठासारखी भुकटी दिसू लागली. लाकडाच्या तांबड्या गाभ्याला काही झालेलं नव्हतं; भोकं सगळी कडेच्या पांढऱ्या भागात. त्यावर तेल चढवलेलं असल्यानं औषध आत जाईना. तेल खरवडून काढलं आणि गरम पाण्यात बोरॅक्स व बोरिक पावडर विरघळवून चारपाच हात मारले. तेव्हापासून भुकटी नाही. पण पुन्हा करायचं झालं तर पांढरा भाग तासूनच टाकीन, मग पाय इंचभर बारीक झाले तरी चालतील.

त्याच सुमारास पाय कापलेही. पहिली उंची छत्तीस इंच होती, स्वयंपाकाच्या ओट्यावरून ठरवलेली. करवतीला आणि पटाशीला ठीक, पण तासभर रंधा मारला की खांदे धरायचे. बेंच उंच असला की सगळा भार दंडांवर येतो. खाली असला की कंबरेपासून जोर लागतो. सरळ उभं राहून हात खाली सोडले की मुठीची हाडं माथ्याला टेकावीत, एवढी उंची मला मानवली: तेहतीस इंच. आता पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे आहेत. शेडची जमीन मातीची, आणि वाळवी खालूनच चढते.

फळी पकडायला डाव्या बाजूला नऊ इंची लोखंडी शिकंजा लावला, साडेतीन हजारांच्या आसपास पडला. जबड्यांना बाभळीच्या पट्ट्या लावल्यात, म्हणजे फळीवर वळ उठत नाहीत. पण खरं सांगायचं तर त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात लोहाराकडून वाकवून घेतलेले दोन आकडे. सोळा मिलिमीटरची सळई, माथ्याला अठराची भोकं. वरून हातोडीचा एक ठोका घातला की आकडा भोकात तिरका अडकून फळी दाबून धरतो, मागून एक टिचकी मारली की सुटतो. सळई गुळगुळीत घ्यावी, बांधकामातली पीळदार नको. सुरुवातीला ते घसरायचे. दांड्यावर कानशीनं आडव्या रेघा ओढल्या तेव्हा बसले. दोन्ही मिळून मजुरीसकट चारशे रुपये.

तेलाबद्दल थोडं. घाण्याचं जवसाचं तेल लावू नका, ते वाळायला आठवडे घेतं आणि तोवर त्यावर सगळी धूळ बसते. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घ्या. आईनं करडईचं सुचवलं होतं. तेही वाळणारंच, पण जवसापेक्षा सावकाश. आणि तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, भुशाच्या ढिगाशेजारी हा धोका कुणी पत्करू नये. मी चिंध्या पाण्यात बुडवून मग बाहेर पसरतो.

गल्लीतले सुतारमामा जमिनीवर बसून, पायाच्या बोटांत फळी धरून काम करतात. बेंच बघून पहिल्याच दिवशी म्हणाले, “येवढा खटाटोप कशाला करायलास? देवानं पाय दिलेत की.” त्यांचं खरंच आहे. त्यांचा सांधा माझ्यापेक्षा निम्म्या वेळात आणि दुप्पट नेमका बसतो. पण चाळिशीनंतर माझे गुडघे तेवढा वेळ दुमडत नाहीत. दिवाळीपासून मामा दर पंधरा दिवसांनी करवत घेऊन येतात, शिकंज्यात दोन पट्ट्यांमधे धरतात आणि उभ्यानं दातांना धार लावतात. बेंचविषयी मात्र अजून चकार शब्द काढलेला नाही.

माथा आता मधोमध जरासा खोलगट झालाय. लांब पट्टी आडवी ठेवली की खालून उजेड दिसतो. एकदा रंधा मारून सपाट करायला हवा. पण ते थंडीत नको. पाडव्यानंतर, लाकूड उन्हानं पुरतं आकसलं की बघू. त्याआधी लोहचुंबक पुन्हा एकदा फिरवणार आहे.