पहाट, जागल की कापसाची खोली: रोजच्या प्रार्थनेसाठी काय निवडाल?

"मावशी, रोज प्रार्थना कराची म्हणतो, पण कधी कराची अन् कशी कराची तेच समजत नाही." दिवाळीनंतर भाचीचा फोन आला होता. लग्नाला वर्ष झालेलं, सासर पांढरकवड्याच्या पुढे. घरात सात माणसं, दोन खोल्या नि सपरी (पडवी), आणि त्यातली एक खोली वेचणी सुरू झाल्यापासून कापसाने भरलेली. चर्चचे पाळक सांगतात पहाटे उठा. सासरे म्हणतात, आमच्या वेळी रात्रीची प्रार्थना असायची. मोबाईलवरचा कुणी प्रचारक म्हणतो, रोज एक तास दिला नाही तर तो विश्वास कसला. "कोणाचं ऐकू?"

मी यातलं बहुतेक सगळं करून पाहिलंय, आणि बरंचसं मोडलंही आहे. तिला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं तेच इथे जरा सलग मांडते. तिच्यासारखं ठरवायला बसलेलं कुणी असेल तर उपयोगी पडेल.

आधी वेळेचं बघू, कारण गाडं अडतं ते तिथेच. पहाटेची बाजू घेणारे बायबलातलं मार्क १:३५ पुढे करतात: अजून अंधार असतानाच येशू उठला आणि एकांतात जाऊन प्रार्थना करू लागला. पहाटे साडेचारला आमच्या गावात जी शांतता असते ती मग दिवसभर सापडत नाही हे खरंच. पण त्या वेळेवर घरातल्या बाईचा हक्क किती? नळ आला की पाणी भरायचं, चूल पेटवायची, वेचणीला जाणाऱ्यांच्या भाकरी थापायच्या, शाळेचा डबा वेगळाच. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी चारचा गजर लावून बाजेच्या काठाला डोकं टेकून गुडघ्यावर बसायची. आठ-दहा दिवस जमलं. मग एकदा सासूबाई उठल्या तर मी तशीच टेकल्या टेकल्या झोपलेली. त्या म्हणाल्या, "झोपाचंच आहे तं बाजीवर झोप ना माय, मान काऊन अवघडून घेतं?"

उन्हाळ्यात मात्र पहाट आपोआप साधते. सगळे अंगणात झोपलेले असतात, ऊन चढायच्या आत वखरणी उरकायची म्हणून घर तसंही लवकर उठतं, आणि वर आभाळ असतं. म्हणजे पहाट वाईट नाही, ती ऋतूवर आणि घरातल्या जागेवर अवलंबून आहे. ज्याचा चहा दुसरं कुणी करून देतं त्याच्यासाठी पहाट उत्तम. हे मी पाळकांच्या तोंडावरही बोलले आहे. ते हसले, पण पुढच्या रविवारी उपदेश पुन्हा पहाटेवरच होता.

रात्रीचं गणित वेगळं आहे. आमच्या घरी ते यांना जमतं, कारण हरभरा घाटे धरायला लागला की हे जागलीला जातात. मचाणावर बॅटरी, काठी आणि वाजवायला एक रिकामा डबा. रानडुकरं आली की आरडाओरडा करायचा, नाहीतर नुसतं बसायचं. १३० व्या स्तोत्रात पहारेकरी पहाटेची वाट पाहतात, त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो असं आहे. ज्याने जागल केली आहे त्याला हे वचन कुणी समजावून सांगावं लागत नाही. यांची प्रार्थना मोठ्याने असते. एक वचन, मग डब्यावर ठण् ठण् आणि "हुर्रर्र", मग पुढचं वचन. ओलिताची लाईन रात्रीची असली तर मोटारीजवळ बसूनही तेच चालतं. पण घरात, जेवणं होऊन भांडी घासल्यावर, दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाईने रात्री प्रार्थना करायची म्हटलं तर आमेनच्या आधी डोळा लागतो. भाचीला मी रात्रीचा नाद सोडून द्यायला सांगितलं.

तिसरी वेळ कुणी फारशी सुचवत नाही, ती म्हणजे दिवसातली. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात इसहाक संध्याकाळी मनन करायला बाहेर शेतात गेला होता असं लिहिलंय, आणि त्याच वेळी त्याला समोरून उंट येताना दिसले, ज्यांच्यासोबत त्याची होणारी बायको रिबेका होती. वावरात प्रार्थना करण्याची रीत काही आपण काढलेली नाही. दुपारी डबे खाल्ल्यावर बाया धुऱ्यावरच्या बाभळीखाली आडव्या होतात. ती दहा-पंधरा मिनिटं मी बरीच वर्षं वापरली. तोटा एकच, एकांत नसतो. एक जण विचारायची, "काय पुटपुटतं वं?" खरं ते सांगितलं. मग तीच कधीमधी म्हणायला लागली, माझ्या पोरासाठीही पुटपुट.

एकांतावरून मत्तय ६:६ आठवतं. आपल्या खोलीत जा, दार लाव, आणि गुप्तवासी पित्याजवळ प्रार्थना कर. भाचीचा प्रश्न रास्त होता: "खोली आणू कुठून?" तिथे मूळ ग्रीक शब्द 'तामेइओन' आहे, आणि त्याचा अर्थ आहे सामान, धान्य ठेवायची आतली खोली. कोठीची खोली म्हणा. म्हणजे तिच्या घरात ती आहेच, कापसाची! दार असलेली घरातली तेवढी एकच खोली, आणि आत कुणी येत नाही. कापूस आवाज खातो, त्यामुळे बोललेलं बाहेर जात नाही. फक्त फार वेळ टेकून बसू नये, बरेच दिवस साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. मी तिला दाराजवळ पोतं टाकून त्यावर बसायला सांगितलं.

आता शब्दांकडे. आमच्या मंडळीत आपल्या शब्दांत प्रार्थना करण्यालाच खरी प्रार्थना मानतात, पाठ म्हटलेल्या प्रार्थनेकडे जरा नाक मुरडतात. मला ते पटेनासं झालं एका कॅथलिक मैत्रिणीमुळे. ती घरापासून वावरापर्यंत चालताना रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते. पाच दशकं, प्रत्येक दशकात दहा वेळा नमो मरिया आणि त्याआधी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली. आज कशावर मनन करायचं हेही आधीच ठरलेलं: सोमवारी-शनिवारी आनंदाची रहस्यं (म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग), मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची, आणि २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडलेली प्रकाशाची रहस्यं गुरुवारी. तिला रोज नव्याने काही ठरवावंच लागत नाही. मी मरियेला उद्देशून प्रार्थना करत नाही, आमच्यात ती शिकवण नाही. पण ज्या वर्षी बोंडअळीने पराटी (कपाशी) खाल्ली, त्या वर्षी माझ्या आपल्या शब्दांच्या प्रार्थनेतले शब्दच संपले होते आणि तिची माळ चालूच होती, हे मी पाहिलंय.

मोकळ्या प्रार्थनेची खोड अशी की ती हळूहळू यादी होते. पोराची नोकरी, सासूचे गुडघे, कापसाचा भाव, पाऊस, पुन्हा पोराची नोकरी. पाठ प्रार्थनेची खोड याच्या उलट, तोंड चालतं आणि मन बाजारात. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३५ साली आपल्या न्हाव्याला प्रार्थना कशी करावी हे लिहून दिलं होतं. त्यात वाट मधली आहे. प्रभूची प्रार्थना घ्यायची, एकेक मागणी म्हणायची, तिथे थांबायचं आणि त्या मागणीवर आपल्या शब्दांत बोलायचं. न्हाव्याला कळेल असा दाखलाही त्याने दिलाय: हातात वस्तरा असताना न्हाव्याचं लक्ष गप्पांत गेलं तर तो गिऱ्हाइकाचं नाक कापेल, प्रार्थनेतही लक्ष तसंच हवं. मला हीच पद्धत सगळ्यात टिकाऊ वाटली. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" इथे थांबलं की सोसायटीच्या कर्जापासून तुरीच्या फुलोऱ्यापर्यंत सगळं तिथेच मावतं. दमलेल्या दिवशी नुसती प्रार्थना म्हणून उठायचं. पहिल्या शतकांतल्या 'दिदाखे' नावाच्या ख्रिस्ती लेखात हीच प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे, तेव्हा नुसती म्हटली म्हणून काही उणं होत नाही.

गाणं हाही पर्याय आहे, आणि आपल्याकडे तो फार मोलाचा आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका परक्या माणसाने दिलेला नवा करार वाचत वाचत नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि मग त्यांनी भजन-अभंगांच्या वळणाची जी गीतं लिहिली ती 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकात आहेत. वेचताना हात आपोआप चालतात, ओठांवर गीत राहतं. विळा हातात असताना मात्र नको, न्हाव्याचं नाक आठवावं.

वाचनाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे, आणि ते बऱ्याच जणांना आवडत नाही. नवीन वर्षाला 'एका वर्षात संपूर्ण बायबल' असा तक्ता वाटतात. आपल्या बायबलात ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार अध्याय. १ जानेवारीला सुरू केलं की उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय महिन्याभरात होतात आणि फेब्रुवारीच्या तोंडावर तिसरं पुस्तक, लेवीय, उघडतं. होमबली, अन्नबली, कुष्ठाचे नियम. त्याच वेळी आमच्याकडे कापसाचा शेवटचा वेचा, तुरीची सोंगणी नि काढणी, आणि चण्याची राखण. तक्ता पडतो तो इथेच, आणि पडला की माणूस बायबलच बंद करून ठेवतो. मी तीनदा लेवीयात अडकले. चौथ्यांदा जूनमध्ये सुरू केलं तेव्हा कुठे पार पडले, तेही दीड वर्षात.

त्यापेक्षा सुरुवात करणाऱ्याने मार्क घ्यावं. सोळा अध्याय आहेत. रोज एक म्हटलं तरी पंधरवड्यात होतं, अर्धा म्हटला तर महिन्यात. किंवा स्तोत्रं. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थना पुस्तकात १५० स्तोत्रं तीस दिवसांच्या सकाळ-संध्याकाळींत वाटून दिलेली आहेत. तेवढं आपल्याला झेपत नाही, पण रोज एक झेपतं. ११९ वं आलं की घाबरू नये. १७६ ओव्या असल्या तरी आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग पाडलेले आहेत, बावीस दिवस तेच पुरतं. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचणारेही आहेत. सोपं आहे, चुकलं तर आजची तारीख बघायची आणि पुढे जायचं. पण नुसती नीतिसूत्रं वाचत राहिलं तर माणूस दुसऱ्यांना शिकवायला लागतो, हा माझा घरचा अनुभव. कोणाचा ते लिहीत नाही.

पुस्तक की मोबाईल, यावर फार डोकं शिणवू नये. ज्यांचे डोळे गेलेत किंवा वाचता येत नाही त्यांच्यासाठी वाचून दाखवणारं मराठी बायबल मोबाईलवर मिळतं, सासूबाई शेवटी शेवटी तेच ऐकायच्या. बाकीच्यांनी छापील घ्यावं, कारण मोबाईलवर स्तोत्र उघडायला गेलं की आधी कापसाचा भाव दिसतो.

प्रार्थनेची वही ठेवावी का, असंही भाचीने विचारलं. मी ठेवायची. कुणासाठी काय मागितलं, तारीख, मग पुढे काय झालं. वर्षाने उलटून पाहिली की आपणच थक्क होतो. पण एका पानावर मी लिहिलं होतं, "प्रभू, सासूबाईंच्या जिभेला आवर घाल", आणि ते पान दिराच्या हाती लागलं. त्याने सपरीत बसून मोठ्याने वाचलं. त्यानंतर मी फक्त पहिलं अक्षर आणि तारीख लिहिते.

घरची मिळून प्रार्थना आणि एकट्याची प्रार्थना यात एक निवडायची नसते. तरी मिळून होते तीच पुरे असं ज्यांना वाटतं त्यांनी महिनाभर एकट्याने करून बघावं. चारचौघांत आपण सासऱ्यांना ऐकू जाईल असं बोलतो.

एवढं सगळं ऐकून भाचीने पहाटही घेतली नाही नि रात्रही. म्हशीचं दूध काढून झालं की दूध चुलीवर चढवायचं आणि ते तापेपर्यंत कापसाच्या खोलीत. प्रभूची प्रार्थना, एक स्तोत्र, आमेन. दूध उतू जायला लागलं तर नणंद हाक मारते. आठवड्याभरात तिचे दोन दिवस चुकले आणि ती रडकुंडीला आली, कारण कुणीतरी सांगितलं होतं की एकवीस दिवस सलग झाले तरच सवय लागते. माझ्या मुलाने तिला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांचं काम सांगितलं. त्यांनी ९६ लोकांना एकेक नवी सवय रोजच्या एखाद्या कामाला जोडून लावायला सांगितली, जसं नाश्त्यानंतर अमुक करायचं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. ती म्हणाली, "मंग मी दोनशे चोपन्नवाली आहो."

परवा तिचा पुन्हा फोन. कापूस विकला, खोली रिकामी झाली, आणि आता आत बोललेलं घुमतं. स्तोत्र म्हणताना सासूबाई बाहेरून विचारतात, कोणाशी बोलतं? "आता काय करू मावशी?"

म्हटलं, हळू बोल. आणि पाऊस पडेपर्यंत अंगणातच बस.