बेंटोनाइट की टोफू? दोन मांजरांच्या फ्लॅटमधला लिटरचा हिशेब

घराबाहेर न जाणारी दोन मांजरं असली की खाण्याखालोखाल खर्च लिटरचा, म्हणजे शी-शूसाठी ट्रेत भरायच्या मालाचा. पण पिशवी निवडण्याआधी ट्रे मोजा. जितकी मांजरं, त्याहून एक जास्त, म्हणजे दोघांना तीन ट्रे, आणि तेही एकाच बाल्कनीत ओळीनं नव्हेत. शेजारी-शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच मोठा ट्रे असतो. दोघांतलं दांडगं मांजर वाटेत बसलं की दुसऱ्याला तिन्ही बंद. मग ते सोफ्यामागे जातं आणि उगाच बदनाम होतं.

ट्रेचा तळ ४५ बाय ३० सेंटीमीटर आणि थर ५ सेंटीमीटर धरला, तर एका ट्रेला पावणेसात लीटर माल लागतो. (लिटर आणि लीटर यांत जीभ अडखळते, त्याला इलाज नाही.) बेंटोनाइट (मातीचं लिटर) किलोवर विकलं जातं आणि टोफू (सोयाबीनच्या चोथ्याचं) बहुधा लीटरवर, त्यामुळे नुसत्या किमती पाहून केलेली तुलना फसते. बेंटोनाइट एका लीटरला साधारण ९०० ग्रॅम भरतं, म्हणजे ट्रेमागे सहा किलो, तिन्ही ट्रेंना अठरा. टोफूच्या ६ लीटरच्या पिशवीचं वजन अडीच किलोच्या आसपास असतं, म्हणून तिन्ही ट्रे साडेआठ किलोत भरतात. किलोमागे टोफू बराच महाग दिसतो, पण निम्म्याहून कमी वजनात काम होतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

मांजराचा कौल मात्र बहुतेक वेळा बेंटोनाइटला. ही खाणीतली माती, आपल्याकडे कच्छ आणि बाडमेर भागात निघते. बारीक, वाळूसारखी, उकरायला सोपी. यातला सोडियम प्रकार पाणी लागताच कित्येक पट फुगून घट्ट ढेकूळ बनवतो. कॅल्शियम प्रकार कमी फुगतो, त्याची ढेकळं स्कूपवरच, म्हणजे ती उचलायच्या जाळीच्या डावावरच, फुटतात. स्वस्त पिशवीत काय आहे ते लेबलवर अनेकदा नसतं, म्हणून घरीच तपासा. खोलगट वाडग्यात पाच सेंटीमीटर थर घ्या, मधोमध दोन मोठे चमचे पाणी ओता आणि पंधरा मिनिटं थांबा. ढेकूळ अखंड उचललं गेलं आणि वीतभर उंचीवरून टाकल्यावर फुटलं नाही, तर माल चांगला. फुटणारं ढेकूळ नको, कारण मागे राहिलेला चुराच पुढे अमोनियाचा वास मारतो. थर पाच सेंटीमीटरच्या खाली गेला की शू तळाला पोचते आणि चिखल खरवडत बसावं लागतं. त्यात लिटरचा दोष नाही, काटकसरीचा आहे.

बेंटोनाइटचा खरा दोष धूळ. पिशवी उंचावरून ओतू नका, ट्रेच्या तळाशी टेकवून हळूच रिकामी करा. दम्याचं मांजर किंवा दम्याचा माणूस घरात असेल तर हे लिटर नकोच. लांब केसांच्या मांजराच्या पंजात ओला चुरा अडकतो. तीन-चार महिन्यांखालची पिल्लं लिटर चाखून बघतात, त्यांच्यासाठी गोळा होणारी माती टाळावी. आणि सुवासिक पिशवी दुकानातच ठेवा. लॅव्हेंडरचा वास माणसासाठी असतो, मांजराला तो नकोसा होऊ शकतो.

टोफू लिटर म्हणजे सोयाबीनचा चोथा, स्टार्च आणि गवार गोंद यांच्या बारीक कांड्या. धूळ जवळपास नाही, घरभर पसरतं कमी, झाडायला सोपं. स्कूप मात्र रुंद फटींचा घ्या. बेंटोनाइटच्या बारीक स्कूपनं निम्मं चांगलं लिटर कचऱ्यात जातं. अडचण येते पावसाळ्यात. मुंबई-कोकणातल्या जुलैच्या हवेत उघडी पिशवी ओल धरते, कांड्या मऊ पडतात, आंबूस वास येतो, कधी बुरशीही. शेवटी हा खाद्यपदार्थच, मुंग्याही येतात. उघडलेली पिशवी धान्यासारखी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात ट्रे बाथरूममध्ये ठेवू नका. ‘फ्लश करता येतं’ या छापील दाव्यावर जाऊ नका: सोसायटीच्या जुन्या ड्रेनेजमध्ये कांड्या फुगून पाइप चोकअप होऊ शकतो. बेंटोनाइट तर संडासात चुकूनही नको. दोन्ही कागदात गुंडाळून कचऱ्यात.

पाइनच्या गोळ्या चाळणीच्या दुहेरी ट्रेत चालतात. शू लागली की भुसा होऊन खाली पडतो. स्वस्त पडतात, पण वाळूला सरावलेली मांजरं जाड गोळ्यांवर पाय ठेवायला कुरकुरतात. सुताराकडचा फुकटचा भुसा नको, त्यात प्लायवूडचा गोंद मिसळलेला असू शकतो. सिलिकाचे खडे शू शोषतात पण गोळा होत नाहीत, रोज ढवळावे लागतात. दोन मांजरांत ते लवकर भरतात आणि मग शू तळाशी साचते.

सिलिकावर आणखी एक आक्षेप आहे: ढेकळंच नाहीत तर मोजणार काय? निरोगी मांजर दिवसाला दोन-चार ढेकळं करतं, दोघांची मिळून चार-आठ. अचानक मोठी आणि जास्त दिसू लागली तर किडनी किंवा मधुमेहाची तपासणी करा. सुपारीएवढी बरीच दिसली तर मूत्राशयाला त्रास असू शकतो. बोका ट्रेत बसून जोर करतोय आणि खाली काहीच नाही, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग बंद पडला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

रोज दोनदा स्कूप, महिन्यातून एकदा ट्रे रिकामा करून धुणं. धुवायला गरम पाणी, भांड्यांचा साधा साबण आणि ऊन पुरे. काळं फिनाईल अजिबात नको: फिनॉल मांजराच्या यकृताला झेपत नाही, आणि मांजर पंजे चाटतंच. ब्लीचही नको, शूमधल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं.

धुळीची अडचण नसेल तर दोन मांजरांसाठी बिनवासाचं बारीक सोडियम बेंटोनाइट घ्या. धूळ सोसत नसेल किंवा वजन उचलवत नसेल तर टोफू. बदल करताना तीनही ट्रे एकदम बदलू नका. एकाच ट्रेत नवं भरा, दोन जुने तसेच ठेवा, आणि आठवडाभर कुठल्या ट्रेत ढेकळं वाढतात ते पाहून मोठी पिशवी मागवा.