पंचगंगेच्या पाण्याचा हिशेब: पोर्टल की माहिती अधिकार?

इचलकरंजीच्या एका ताईंनी विचारलं, नदीप्रदूषणावर निवेदन द्यायचंय, आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून घेऊ की माहिती अधिकारात अर्ज टाकू?

खर्चाचा प्रश्नच नको. पोर्टल फुकट, अर्जाला १० रुपये, वर झेरॉक्सचे पानाला २ रुपये.

वेळेत मात्र फरक मोठा. पोर्टलवरचे आकडे आज संध्याकाळी हातात. अर्जाच्या उत्तराला कायद्याने ३० दिवस, आणि उत्तर आलंच नाही तर पुढे अपील. तेवढ्यात पावसाळा येऊन नदी धुऊनही जाते!

खरी गोम मजकुरात आहे. पोर्टल सांगतं, अमुक ठिकाणी बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू) किती. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, एवढं ठाऊक असलं की तक्ता बोलायला लागतो. पण नमुना सहसा महिन्यातून एकदा घेतलेला. मधल्या रात्री कुणी काय सोडलं ते त्यात सापडत नाही. कुणाला नोटीस गेली, पुढे कारवाई काय झाली, ही कागदपत्रं सहसा अर्जानेच निघतात. अर्ज मात्र नेमका हवा. राज्याच्या नियमानुसार एकच विषय, १५० शब्दांत. ‘प्रदूषण का होतं?’ असं विचारू नका. नोटिशीची, तपासणी अहवालाची प्रत मागा.

पाणी वर्षागणिक सुधारलं की बिघडलं एवढंच दाखवायचं असेल तर पोर्टल पुरे. जबाबदार कोण हे शोधायचं असेल तर अर्ज टाका, पण पोर्टलवरची तारीख आणि ठिकाण त्यात घालून.