डेबिट की क्रेडिट: चोरी झाली तर कोणतं कार्ड परवडतं?

जळगावच्या सराफ बाजारात सोनं घेताना कोणतंही कार्ड चालतं. फरक कळतो तो फसवणूक झाल्यावर. डेबिट कार्डातून केळीचे, कापसाचे आलेले पैसे थेट खात्यातून जातात आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत घरखर्च अडतो. क्रेडिट कार्डावर आधी बँकेचा पैसा अडकतो, बिल भरण्याआधीच हरकत घेता येते. म्हणून ऑनलाइन खरेदीला मी क्रेडिटच वापरतो. (उधळ्या हाताला मात्र तेही नको.)

रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम दोन्हींना सारखाच: चूक तिसऱ्याची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड शून्य. ओटीपी आपणच सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

डेबिटचे ऑनलाइन व्यवहार अ‍ॅपमधून बंदच ठेवा. फसलात तर आधी कार्ड ब्लॉक, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन.