जड पिकअपचे ब्रेक बदलताना: खाचांची डिस्क की साधी?

पिकअपला आजवर डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) आणि पॅड (ब्रेक मारला की तिला दोन्हीकडून दाबणारे तुकडे) अशा दोन जोड्या वापरून झाल्या. आधी खाचा आणि भोकं असलेल्या डिस्क, त्यांवर सिरॅमिक पॅड. आता गंजरोधक थर दिलेल्या साध्या डिस्क आणि सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातू मिसळलेले, पॅड. गाडी तीच, मागचा ट्रेलरही तोच, म्हणून दोन शब्द लिहायचा धीर करतोय. मोजमापं काही घेतलेली नाहीत. पायाला आणि कानाला जे जाणवलं तेवढंच सांगतो.

आधी सिरॅमिकची बाजू, कारण त्यावर उगाच टीका होते. रिकाम्या गाडीला हे पॅड छानच आहेत. पेडल मऊ लागतं, आवाज जवळजवळ नाही, आणि चाकांच्या रिमवर ती काळी भुकटी बसत नाही. भुकटी पडते, पण फिकट असते आणि धुतली की जाते. प्रश्न येतो तो लांब उतारावर, मागे वजन असताना. गाडी आणि ट्रेलर मिळून वजन दुप्पट झालं, की त्याच वेगावरून थांबताना ब्रेकला उष्णताही दुप्पट झेलावी लागते. वेग दुप्पट झाला तर चौपट. अशा वेळी मला पेडल थोडं जास्त दाबावं लागायचं. ब्रेक लागत नव्हते असं म्हणणार नाही, पण उतार संपला की हायसं वाटायचं. सेमी-मेटॅलिकचं उलट आहे. सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक जरा कोरडे लागतात, मग तापतील तसे ते खुलतात. त्यातला धातू उष्णता ओढून घेतो आणि पुढे देतो. रिम मात्र काळ्या होतात, त्याला इलाज नाही.

पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ती बघून घ्या. पहिलं अक्षर थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा कमी पकडीचं असेल तर ओझं ओढणाऱ्याने तो पॅड घेऊ नये. खोक्यावरच्या चित्रापेक्षा ही दोन अक्षरं जास्त बोलतात.

आता डिस्क. भोकांबद्दल फार लिहीत नाही. पूर्वीचे पॅड तापले की वायू सोडायचे, त्याला वाट मिळावी म्हणून ती होती. आताच्या पॅडना त्याची फारशी गरज पडत नाही, आणि जड गाडीत भोकांच्या कडेपासून तडे जायची भीती असते. माझ्या एका डिस्कला केसाएवढ्या दोन रेघा दिसल्या होत्या.

खरं बिनसलं ते खाचांमुळे. ब्रेक मारला की खालून एक घुमल्यासारखा आवाज यायचा, वेग कमी होईल तसा उतरत जाणारा. पहिले काही दिवस बरं वाटलं, काहीतरी दमदार बसवलंय असं. नंतर कान निर्ढावले. पॅड संपत आला की त्यावरची पत्र्याची बारीक पट्टी डिस्कला घासून चिरकते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ती माझीही चिरकत असणार. पण ब्रेकमधून आवाज येतोच, हे मी एकदा मान्य करून बसलो होतो. चाक काढलं तेव्हा आतल्या बाजूचा पॅड झिजून पाठीच्या पत्र्यापर्यंत गेलेला आणि डिस्कला नांगरल्यासारखी चर पडलेली. खाचा पॅड लवकर खातात, त्यात त्या बाजूच्या कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, सरकपिन जाम होती. पिन जाम हा दोष डिस्कचा नाही, हे कबूल. पण शांत ब्रेकने मला आधीच सावध केलं असतं. साध्या डिस्कवर थोडं जरी कुरकुरलं तरी आता मी खाली उतरून बघतो.

स्टिअरिंग थरथरतं म्हणून डिस्क बदलत असाल तर थोडं थांबा. ‘डिस्क वाकली’ असं सर्रास म्हणतात, पण बऱ्याचदा पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त चिकटलेला असतो किंवा हबवरच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरच्या, गंजामुळे ती तिरकी बसलेली असते. हबचा गंज तारेच्या ब्रशने काढला नाही, तर कितीही भारी डिस्क पुन्हा थरथरेल. साध्या डिस्कवर गंजरोधक थर घ्या म्हणतो ते याचसाठी. पॅड घासतो तिथला थर लगेच जातो, पण हबकडचा भाग आणि आतल्या हवेच्या फटी टिकतात. माझी जुनी डिस्क काढायला घण लागला होता, नवी हाताने निघाली.

बसवल्यावर नवे पॅड डिस्कशी जुळावेत म्हणून साधारण साठच्या वेगावरून पंधरापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक मारतो आणि मग काही अंतर ब्रेक न लावता चालवून ते गार होऊ देतो. पॅडच्या खोक्यात वेगळी कृती दिली असेल तर तीच धरा.

वर्षातून एखाद-दोनदाच ट्रेलर लावणार असाल तर साध्या डिस्कवर सिरॅमिक घ्या, मी अडवणार नाही. दर आठवड्याला ओढत असाल तर मात्र काळ्या रिम सहन करा. खाचांचं म्हणाल, तर ज्यांच्या गाडीत मी बसलोय त्यांतले काही जण अजूनही खूश आहेत. त्यांचे कान माझ्यापेक्षा बरे असावेत.